जपानी चित्रपुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानी शिकणारे विद्यार्थी, बालवाडीच्या ताई, लहान मुलांचे आईबाबा आणि चित्रकलेचे विद्यार्थी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. जपानी नावं तिथल्या रीतीप्रमाणे आधी आडनाव, मग नाव अशी लिहिली आहेत. पुस्तकांची नावं मूळ उच्चारानुसार दिली असून शक्य तिथे मराठी अर्थ जोडला आहे.

1. 'एहोन' म्हणजे काय? ते आणि मांगा एकच का?

'ए' म्हणजे चित्र, 'होन' म्हणजे पुस्तक. मांगा वेगळी. मांगात पान चौकटींमध्ये वाटलेलं असतं आणि संवाद फुग्यांत येतात. मांगा वाचणारा एकटाच वाचतो, आपल्या वेगानं. एहोनचा एकक म्हणजे जोडपान, समोरासमोरची दोन पानं मिळून होणारं एक चित्र. मोठं माणूस मजकूर वाचतं, मूल तो ऐकतं आणि त्याच वेळी चित्र पाहतं. आधुनिक एहोन घडवणाऱ्यांनी ही कल्पना फार गंभीरपणे घेतली: पुस्तक मुलाला वाचायला द्यायचं नाही, मुलाला वाचून दाखवायचं. खाली जे जे येईल, मग तो मजकुराचा आडवा-उभेपणा असो, अक्षरांमधल्या मोकळ्या जागा असोत की पान उलटण्याची जागा, त्याचं मूळ याच एका निर्णयात सापडतं.

2. आधुनिक एहोनची सुरुवात कुठून धरायची?

एदो काळात (1603–1868) लाल वेष्टणाची 'आकाहोन' होती. एका भागात पाच कागद दुमडून झालेली दहा पानं असत. 1885 पासून हासेगावा ताकेजिरो यांनी सुरकुतवलेल्या कागदावर लाकडी ठशांनी छापलेली 'चिरिमेन-बोन' काढली, पण त्यांतल्या जपानी लोककथा इंग्रजी-फ्रेंच वाचणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांसाठी होत्या. ही दोन्ही पूर्वपीठिका झाली.

मुलांसाठी चित्र काढणं ही स्वतंत्र कला आहे, हे 1920 च्या दशकात ठरलं. 1922 साली 'कोदोमो नो कुनी' (मुलांचा देश) हे मासिक निघालं. त्यात ओकामोतो किइची, ताकेइ ताकेओ, हात्सुयामा शिगेरू यांची चित्रं असत. ताकेइ यांनी अशा चित्रांना 'दोगा' हे नाव दिलं. त्याआधी गोष्टीसोबतचं चित्र म्हणजे मजकुराची पुरवणी, असाच हिशोब होता. 1927 ला बालवाड्यांसाठी 'किंडर बुक' आलं, 1936 ला कोदांशाची स्वस्त आणि प्रचंड खपाची एहोन मालिका आली. 1938 मध्ये गृहखात्यानं मुलांच्या वाचनासाठी नियमावली काढली, त्यापाठोपाठ युद्ध आणि कागदटंचाई आली, आणि 1944 ला 'कोदोमो नो कुनी' बंद पडलं.

युद्धानंतरच्या दोन तारखा लक्षात ठेवा. 1953 मध्ये इवानामी प्रकाशनानं मुख्यतः परदेशी चित्रपुस्तकांची जपानी रूपं आणणारी मालिका सुरू केली. 1956 च्या एप्रिलमध्ये फुकुइनकान शोतेननं 'कोदोमो नो तोमो' काढलं. आज आपण ज्याला जपानी एहोन म्हणतो, त्याचा साचा या दुसऱ्या मासिकात तयार झाला.

3. एका मासिकाचं एवढं काय कौतुक?

आधीच्या मासिकांच्या एका अंकात गाणी, छोट्या गोष्टी, ऋतूंची माहिती असं पाच-सहा जणांचं काम एकत्र असे. एका चित्रकाराच्या वाट्याला एक-दोन जोडपानं यायची. तेवढ्यात चांगलं चित्र जमतं, पण गोष्ट चित्रांमधून पुढे नेता येत नाही. संपादक मात्सुइ तादाशी (1926–2022) यांनी 'कोदोमो नो तोमो'च्या प्रत्येक अंकात एकच गोष्ट आणि एकच चित्रकार ठेवला. थोडक्यात, महिन्याला एक अख्खं चित्रपुस्तक, पातळ कागदी बांधणीत.

अंक बालवाड्या आणि पाळणाघरांतून वर्गणीनं जायचा, त्यामुळे दुकानात कोण उचलेल याची धास्ती नव्हती. म्हणूनच ज्यांनी मुलांसाठी कधी काही काढलं नव्हतं, अशांकडे काम देता आलं. सातो च्युर्यो हे शिल्पकार होते. आकाबा सुएकिची यांचं पहिलं चित्रपुस्तक 'कासा जिझो' (टोप्या आणि जिझो या बौद्ध देवतेच्या मूर्ती) 1961 मध्ये आलं, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. काको सातोशी रसायन कारखान्यात संशोधक होते. दर महिन्याला नवं पुस्तक द्यायचं असल्यामुळे प्रयोग फसले तरी पुढच्या महिन्यात दुसरं यायचं, आणि जे अंक मुलांनी फाटेपर्यंत वाचले ते नंतर जाड पुठ्ठ्यात निघाले. ही चाळणी पाश्चात्त्य प्रकाशनांकडे नव्हती. (एकाच पुस्तकाला दोन वर्षं का दिसतात, याचं उत्तरही इथेच आहे, प्रश्न 14 पाहा.)

4. काही पुस्तकं उजवीकडून उघडतात, काही डावीकडून. असं का?

मजकूर उभा असेल, तर ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात, म्हणून पुस्तक उजवीकडे बांधलेलं असतं आणि गोष्ट डावीकडे चालते. मजकूर आडवा असेल तर आपल्यासारखंच: बांधणी डावीकडे, गोष्ट उजवीकडे. हातात नवं जपानी पुस्तक आलं की मुखपृष्ठ शोधत बसू नका. आतला मजकूर उभा की आडवा ते बघा, लगेच कळेल.

चित्रकारासाठी ही बाब छपाईपुरती नसते. चालणारं पात्र पान उलटण्याच्या दिशेनं निघालं, तर ते 'पुढे' जातंय असं वाटतं. उलट तोंड केलं, तर परत येतंय, अडलंय किंवा कुणाच्या वाटेत उभं आहे असं वाटतं. आडव्या मजकुराच्या पुस्तकात बाजाराला निघालेली मुलगी उजवीकडे बघते आणि घरी येताना डावीकडे. मजकुराची दिशा बदलली आणि चित्रं तशीच ठेवली, तर पोरगी घराबाहेर पडतानाच परत आल्यासारखी दिसते.

इवानामीच्या 1953 च्या मालिकेत नेमकी हीच अडचण आली. परदेशी पुस्तकं उभ्या मजकुरात आणि एकाच छोट्या आकारात बसवायची होती, म्हणून मांडणी मोडली गेली आणि काही ठिकाणी चित्रं आरशातल्यासारखी उलटवली गेली. 'कोदोमो नो तोमो'नं 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आडव्या आकाराची, आडव्या मजकुराची पुस्तकं काढायला घेतली, तेव्हा जपानी पुस्तक उभंच असावं असं मानणाऱ्यांना ते खटकलं. पण रुंद जोडपान मिळाल्यामुळे रस्ता, नदी, माळरान, आगगाडी हे सगळं चित्रात मोकळेपणानं मावायला लागलं.

मराठीत आणताना: आडव्या मजकुराचं पुस्तक जसंच्या तसं चालतं. उभ्या मजकुराचं चित्र उलटवायचा मोह टाळा. उलटवलं की उजवा हात डावा होतो, पाट्यांवरची अक्षरं उलटी होतात. सगळ्यात वाईट म्हणजे किमोनोची बाजू बदलते. जिवंत माणसाच्या अंगावर किमोनोची डावी बाजू वर असते, मृतदेहाला नेसवताना उजवी. उलटवलेल्या चित्रातली हसरी आजी जपानी माणसाला प्रेतासारखी नेसलेली दिसते. पुस्तक उजवीकडूनच उघडू द्यावं आणि पहिल्या पानावर तसं सांगावं, हा मार्ग बरा.

5. पुस्तकात पानं किती असतात?

बहुतेक 28 किंवा 32. बत्तीस पानांत पहिलं आणि शेवटचं पान एकेकटं, मधे 15 जोडपानं. शीर्षक आणि प्रकाशनाची माहिती वजा केली, की गोष्टीला तेरा-चौदा हाती लागतात. त्यामुळे गोष्ट लिहिताना जपानी लेखक शब्द मोजत नाहीत, पानं उलटण्याच्या जागा मोजतात. अपवाद आहेतच: 'ओशीइरे नो बोकेन' (कपाटातलं साहस, 1974) हे फुरुता तारुही आणि ताबाता सेइइची यांचं पुस्तक 80 पानांचं आहे आणि बहुतांश काळ्या पेन्सिलीत आहे. पाळणाघराच्या अंधाऱ्या कपाटात कोंडलेल्या दोन मुलांची ती गोष्ट, रंग मोजक्याच पानांवर येतो.

6. मजकूर सगळा हिरागानात का? आणि शब्दांमध्ये जागा का सोडलेली असते?

कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली शब्दचिन्हं, शाळेत हळूहळू शिकवतात, म्हणून लहानांच्या पुस्तकात उच्चारानुसार लिहिलेली हिरागाना असते. नेहमीच्या जपानी लिखाणात शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, कांजीमुळे शब्द कुठे सुरू होतो ते कळतं. नुसती हिरागाना आली की तो आधार जातो. 'कोकोदेहाकिमोनोवोनुइदेकुदासाइ' ही अक्षरं 'कोकोदे / हाकिमोनो' अशी तोडली तर 'इथे पादत्राणं काढा', आणि 'कोकोदेवा / किमोनो' अशी तोडली तर 'इथे किमोनो काढा'. (एकच अक्षर पहिल्या ठिकाणी 'हा', दुसऱ्या ठिकाणी 'वा' वाचतात.) आपल्याकडच्या 'रामालाच द्या' आणि 'रामा, लाच द्या' यासारखंच. म्हणून जागा सोडतात. या पद्धतीला 'वाकाची-गाकी' म्हणतात.

जपानी शिकणाऱ्यांना एक सूचना: हिरागानात आहे म्हणून पुस्तक सोपं असेल असं धरू नका. कांजी नसल्यानं शब्दकोशात शोधणं अवघड जातं आणि बोलीतली, लाडाची रूपं भरपूर असतात. मोठ्यानं वाचा, अर्थ कानातून लवकर लागतो.

7. 'ओओकिना काबू' सगळीकडे दिसतं. त्यात विशेष काय?

रशियन लोककथा आहे: आजोबांनी लावलेला सलगम एवढा मोठा होतो की उपटता येत नाही. आजी, नात, कुत्रा, मांजर आणि शेवटी उंदीर येतो. जपानी मजकूर उचिदा रिसाको यांचा, चित्रं सातो च्युर्यो यांची. 'कोदोमो नो तोमो'त 1962 ला, पुस्तकरूपात 1966 ला.

चित्रं नीट बघा. मागे घर नाही, झाड नाही, आकाश नाही. पांढऱ्या कागदावर फक्त सलगम आणि ओढणारी माणसं. शिल्पकाराला शरीराचं वजन कळतं: टाचा जमिनीत रुतलेल्या, गुडघे वाकलेले, पाठ मागे टाकलेली. सातो युद्धानंतर सायबेरियात कैदेत होते, त्यामुळे रशियन शेतकऱ्याचा सदरा, बूट, दाढी हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मजकुरात प्रत्येक वेळी जोर लावतानाची 'उन्तोकोशो, दोक्कोइशो' ही हाक येते. आपल्याकडे जड वस्तू ओढताना 'हैश्शा' म्हणतात, तीच जागा. मुलं तिसऱ्या वेळेपासून सोबत ओरडतात. दर वेळी ओढायला एक जण वाढतो, पण मदतनीस मात्र आकारानं लहान लहान होत जातो. उंदराच्या वेळी जे होतं ते म्हणूनच गोड लागतं.

8. ध्वनिशब्दांचं भाषांतर कसं करावं?

जपानीत आवाजाचे आणि आवाज नसलेल्या स्थितीचेही शब्द आहेत. घरंगळण्याला 'कोरोकोरो', शांततेला 'शीन'. कवी तानिकावा शुन्तारो आणि चित्रकार मोतोनागा सादामासा यांचं 'मोको मोकोमोको' (1977) जवळपास अशाच शब्दांवर उभं आहे: सपाट जमिनीतून काहीतरी फुगत वर येतं, दुसरं काहीतरी उगवतं, एक दुसऱ्याला गिळतं. गोष्ट सांगा म्हटलं तर सांगता येत नाही, आणि वर्षाची मुलं मात्र खिदळतात.

या बाबतीत मराठी श्रीमंत आहे, इंग्रजीवरून भाषांतर करून ती श्रीमंती वाया घालवू नका. इंग्रजीत हे शब्द क्रियापदात विरघळतात. आपल्याकडे लुटुलुटु, दुडुदुडु, गडगड, मिणमिण, टुणुक टुणुक तयार आहेत. तीन गोष्टी तपासा. पहिली, मात्रा: मूळ शब्द दोनदा आला असेल तर मराठीतही दोनदाच. दुसरी, वजन: जपानीत 'कोरोकोरो' हलकं आणि 'गोरोगोरो' जड, जसं आपलं 'किणकिण' आणि 'घणघण'. तिसरी, शब्द पानाच्या कुठल्या बाजूला आहे: पान उलटल्यावर फुटायचा आवाज आधीच्या पानावर गेला, तर सगळा खेळ संपतो.

9. अगदी तान्ह्या बाळाला पुस्तक कशाला? आणि कुठलं?

1967 पर्यंत हा प्रश्न जपानमध्येही विचारला जायचा. त्या वर्षी मात्सुतानी मियोको आणि सेगावा यासुओ यांचं 'इनाइ इनाइ बा' आलं. आपल्या 'बुवा कुक'चं हे पुस्तक. मांजर डोळे झाकून समोर उभी असते, पान उलटलं की 'बा!' करून दिसते. मग अस्वल, उंदीर, कोल्हा, शेवटी लहान मूल. पान उलटणं हाच खेळ आहे, हे इतक्या साधेपणानं क्वचितच कुणी दाखवलं असेल. प्राणी थेट समोर बघतात, कारण बाळाचं लक्ष चेहऱ्यावर आणि डोळ्यांवर आधी जातं. या पुस्तकाच्या 70 लाखांहून अधिक प्रती छापल्या गेल्या आहेत. हेच सेगावा 1967 मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या पहिल्या चित्र-द्वैवार्षिकात (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या, मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांच्या प्रदर्शनात) ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च पारितोषिक मिळवणारे चित्रकार आहेत.

दुसरं नाव हायाशी आकिको यांचं 'ओत्सुकिसामा कोनबानवा' (चांदोबा, शुभ संध्याकाळ, 1986). 2001 पासून अनेक गावं आणि शहरं 'बुकस्टार्ट'मध्ये सामील झाली. तिथे बाळाच्या आरोग्य तपासणीला आलेल्या पालकांना चित्रपुस्तक देतात आणि ते कसं वाचायचं ते करून दाखवतात.

10. 'गुरी तो गुरा'मध्ये केकचीच गोष्ट का? आणि 'छोटा काळा सॅम्बो'शी त्याचा संबंध आहे, हे खरं का?

खरं आहे, आणि या साखळीची एक कडी आपल्याकडे आहे.

सॅम्बोची गोष्ट हेलन बॅनरमन यांनी 1899 मध्ये लिहिली. त्या भारतात राहत होत्या आणि त्यांचे पती परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेचे, काही वर्षं प्रमुख होते. गोष्टीतले वाघ झाडाभोवती धावून धावून वितळतात आणि त्यांचं तूप होतं. 1953 मध्ये इवानामीनं ती जपानीत आणली तेव्हा तुपाचं लोणी झालं आणि वाघाच्या लोण्यातले पॅनकेक ही एका पिढीची आवडती चव झाली.

नाकागावा रिएको (1935–2024) तोक्योतल्या एका पाळणाघरात शिकवत होत्या. मुलांना ती गोष्ट फार आवडायची. मग पॅनकेकहून भारी, भरपूर अंड्यांचा कास्तेरा केक आपल्या मुलांना खिलवावा म्हणून त्यांनी गुरी आणि गुरा या दोन उंदरांची गोष्ट लिहिली. चित्रं धाकट्या बहिणीची, यामावाकी युरिको (1941–2022) यांची. अंक 1963 च्या डिसेंबरचा, पुस्तक 1967 चं. अंडं इतकं मोठं की घरी नेता येत नाही, म्हणून कढई, पीठ, साखर सगळं जंगलात आणावं लागतं. वास सुटतो, सगळे प्राणी जमतात, सगळ्यांना वाटा मिळतो. मुलांना नेमकं हेच हवं असतं: अडचण, तोडगा, खाणं, आणि कुणीही उपाशी राहत नाही.

'सॅम्बो'वर पुढे वंशद्वेषाचा आक्षेप आला. नावच अपमानास्पद होतं, आणि इवानामीच्या आवृत्तीतली फ्रँक डोबायस यांची चित्रं कृष्णवर्णीयांची टर उडवणाऱ्या ठशातली होती. 1988 मध्ये पुस्तक मागे घेतलं गेलं, 2005 मध्ये दुसऱ्या प्रकाशनानं ते पुन्हा काढलं. मुलांना वाचायला देऊ नये, असं आमचं मत आहे. गोष्टीची गंमत वाघांत आणि तुपात आहे, आणि ती या नावाशिवाय, या चित्रांशिवाय सांगता येते.

11. 'तोत्तोचान'मधली चित्रं कुणाची? ती तोत्तोचानची आहेत का?

चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादामुळे 'तोत्तोचान' मराठी घरांत पोहोचली, म्हणून हा प्रश्न सतत येतो. चित्रं इवासाकी चिहिरो (1918–1974) यांची. पण ती तोत्तोचानसाठी काढलेली नाहीत. पुस्तक 1981 चं, म्हणजे चिहिरो गेल्यावर सात वर्षांनी आलेलं. त्यांच्या आधीच्या चित्रांतून निवड केली गेली. इतकी चपखल बसली, की ती मुलगी वेगळी आहे हे सांगूनही पटत नाही.

चिहिरो जलरंग ओल्या कागदावर सोडत. कडा पसरायची, एक रंग दुसऱ्यात शिरायचा, आणि गालाची रेघ न काढताच गाल दिसायचा. पूर्वेकडच्या शाईचित्रांत ही रीत जुनी आहे, पण तिच्यातून तान्हं बाळ आणि वर्षाचं बाळ यांच्या बोटांतला फरक त्यांनी दाखवला. 'आमे नो ही नो ओरुसुबान' (पावसात घरी एकटी, 1968) मध्ये आईची वाट बघणाऱ्या मुलीची धाकधूक चेहऱ्यापेक्षा ओल्या रंगातूनच जास्त कळते. मूळ चित्रं चित्रकाराला परत मिळावीत आणि हक्कही त्याचाच राहावा, यासाठी त्या प्रकाशकांशी भांडल्या. त्यांची चित्रं जपून राहिली ती त्यामुळेच. 1977 मध्ये तोक्योत त्यांच्या घराच्या जागी संग्रहालय उघडलं. चित्रपुस्तकांतल्या मूळ चित्रांसाठीचं ते जगातलं पहिलं संग्रहालय. दुसरं नागानोतल्या आझुमिनोत 1997 ला झालं.

12. आणखी कुणाकुणाची पुस्तकं पाहावीत?

चित्र शिकणाऱ्यांनी आकाबा सुएकिची यांचं 'सूहो नो शिरोइ उमा' (सूहोचा पांढरा घोडा, 1967) आधी पाहावं. मंगोलियाचा माळ त्यांनी युद्धकाळात प्रत्यक्ष पाहिला होता. क्षितिज पानाच्या पार खाली असतं, माणसं मुंगीएवढी. 1980 मध्ये चित्रकारांसाठीचं हान्स क्रिस्टियन अँडरसन पारितोषिक मिळवणारे ते पहिले जपानी. 1984 ला ते आन्नो मित्सुमासा (1926–2020) यांना मिळालं. आन्नो आधी शाळामास्तर होते. त्यांच्या 'ताबी नो एहोन' (प्रवासाचं चित्रपुस्तक, 1977) मध्ये एकही शब्द नाही. घोड्यावरचा छोटा माणूस प्रत्येक जोडपानात शोधायचा.

घराघरातल्या गोष्टींसाठी त्सुत्सुइ योरिको आणि हायाशी आकिको यांचं 'हाजिमेते नो ओत्सुकाइ' (पहिल्यांदाच बाजारात). पाच वर्षांची मुलगी दूध आणायला जाते, पडते, नाणी घरंगळतात, दुकानात तिचा आवाज कुणाला ऐकूच जात नाही. वेडेपणासाठी च्यो शिन्ता. विज्ञानासाठी 1969 पासून निघणारं 'कागाकु नो तोमो' मासिक: गोमी तारो यांचं सगळ्या प्राण्यांच्या शीविषयीचं 'मिन्ना उन्ची' तिथूनच आलं. काको सातोशी यांच्या 'कावा' (नदी, 1962) मध्ये डोंगरातल्या झऱ्यापासून समुद्रापर्यंत एकच नदी पानोपानी वाहते. नव्यांमध्ये योशिताके शिन्सुके यांचं 'रिंगो कामो शिरेनाइ' (सफरचंद असेलही, 2013) सात-आठ वर्षांच्या मुलांना आवडतं.

मृत्यू आणि युद्ध: सानो योको यांचं दहा लाख वेळा जगलेल्या बोक्याचं पुस्तक (1977) आणि मारुकी तोशी यांचं 'हिरोशिमा नो पिका' (1980). दुसऱ्यात जळालेली शरीरं आहेत. आधी स्वतः पूर्ण वाचा आणि मोठ्या मुलांसोबत बसून वाचा, झोपायच्या वेळी नको.

13. वर्गात वाचून दाखवताना मुलं मागून 'दिसत नाही' म्हणतात. काय करावं?

निम्मं काम निवडीतच होतं. लांबून नीट दिसणाऱ्या पुस्तकाला जपानीत 'तोओमे गा किकु' म्हणतात. चार मीटरवर भिंतीशी टेकवून बघा. बाह्यरेषा ठळक आणि मागचा भाग मोकळा असेल तर वीस-पंचवीस मुलांना चालेल. 'ओओकिना काबू' चालतं. आन्नोंचं प्रवासाचं पुस्तक मांडीवरच बरं.

मग तयारी. नवं पुस्तक आधी सुरुवातीपासून आणि शेवटापासून थोडी थोडी पानं दाबत उघडून घ्या, नाहीतर मधल्या शिवणीत चित्र गडप होतं आणि पान हातातून मिटतं. खिडकीकडे पाठ करून बसू नका, मुलांना फक्त तुमची सावली दिसेल. पुस्तक शिवणीच्या खालच्या टोकाला एका हातानं धरा, पानाचा कोपरा दुसऱ्या हातानं आधीच सुटा करून ठेवा. पान उलटताना हात चित्रावरून जाऊ देऊ नका.

मुखपृष्ठ, लेखक-चित्रकाराचं नाव, आतलं रंगीत कोरं पान, सगळं दाखवा. मध्येच 'हा कोण?' विचारू नका, गोष्ट तुटते. शेवटी मलपृष्ठ न दाखवता पुस्तक मिटणं ही नेहमीची चूक. 'हाजिमेते नो ओत्सुकाइ'च्या मलपृष्ठावर मुलगी गुडघ्याला पट्टी लावून दूध पितेय. ते चित्र राहिलं, तर पडलेल्या मुलीचं पुढे काय झालं हे मुलांना कळतच नाही.

कामिशिबाई, म्हणजे लाकडी चौकटीतून ओढायची चित्रं, ही वेगळी कला आहे. तिथे पहिल्या चित्राचा मजकूर शेवटच्या पत्त्याच्या मागे छापलेला असतो, म्हणून पत्ते आधी क्रमानं लावून घ्या. एक पत्ता जरी मागेपुढे झाला, तरी मजकूर एका चित्राचा आणि समोर दुसरंच चित्र अशी फजिती होते.

14. एकाच पुस्तकाला दोन वेगळी वर्षं दिसतात. खरं कुठलं?

दोन्ही. पहिलं मासिकाच्या अंकाचं, दुसरं जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाचं (प्रश्न 3). लेख लिहिताना कुठलं वर्ष देताय ते सांगा.

प्रकाशनाची माहिती शेवटी, 'ओकुझुके'त असते. '初版' म्हणजे पहिली आवृत्ती, '第120刷' म्हणजे 120 वी छपाई. छपाईचा आकडा मोठा म्हणून पुस्तक दुर्मीळ ठरत नाही, उलट ते खूप खपलंय एवढाच अर्थ. वर्ष सम्राटाच्या कालगणनेत असेल तर शोवा वर्षात 1925, हेइसेइ वर्षात 1988 आणि रेइवा वर्षात 2018 मिळवा. शोवा 42 म्हणजे 1967. मागे सी अक्षरानंतर 8771 छापलेलं असेल, तर पहिला 8 म्हणजे मुलांसाठी, 7 म्हणजे चित्रपुस्तक, 71 म्हणजे चित्र-शिल्प विभाग. जुन्या पुस्तकांच्या दुकानात जपानी वाचता येत नसलं, तरी या चार आकड्यांवरून गठ्ठ्यातून एहोन वेगळी काढता येतात.

15. मराठी भाषांतर लिहून पुस्तकात चिकटवलं तर चालेल का? पीडीएफ करून पाठवलं तर?

स्वतःच्या प्रतीत चिठ्ठ्या चिकटवून घरी वाचा, त्यात अडचण नाही. चिठ्ठी चित्रावर येऊ देऊ नका, आणि पुन्हा निघेल असा डिंक वापरा. पानांचे फोटो किंवा पीडीएफ गटावर पाठवायला मात्र परवानगी लागते, भाषांतर फुकट असलं तरी.

छापायचं असेल तर पत्र मूळ प्रकाशनाच्या हक्क विभागाला लिहा. लेखक आणि चित्रकार यांचे हक्क वेगवेगळे असतात. 'ओओकिना काबू'सारख्या पुस्तकात लोककथा सर्वांची असली, तरी उचिदांचा मजकूर आणि सातोंची चित्रं संरक्षित आहेत. जपानमध्ये मुदत मृत्यूनंतर 70 वर्षं आहे. ती 2018 च्या डिसेंबरअखेर 50 वरून वाढली, पण आधीच मुक्त झालेलं पुन्हा बंद झालं नाही. म्हणून 1967 किंवा त्याआधी वारलेल्यांचं काम तिथे मुक्त आहे. ओकामोतो किइची 1930 मध्ये गेले, त्यांची चित्रं मुक्त. ताकेइ ताकेओ 1983 मध्ये गेले, त्यांची नाहीत, जरी दोघांची चित्रं एकाच अंकात शेजारीशेजारी छापलेली असली तरी. भारतात मुदत मृत्यूनंतर 60 वर्षं आहे. अंक जुना म्हणून सगळंच मोकळं, असं धरू नका. प्रत्येक चित्राखालचं नाव बघा.